नागपूरच्या घरात अँथुरियमचं बी धरताना: प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर २०२३

दिवाळी आटोपली, थंडी नुकती पडू लागली आहे. आजपासून नोंदी सुरू.

काम असं: नागपूरचा उन्हाळा घरात काढू शकतील अशी अँथुरियमची रोपं बियांपासून तयार करायची. नर्सरीत मिळणारी रोपं देखणी असतात, पण ती पॉलिहाउसच्या दमट हवेत वाढलेली असतात आणि त्यातली बरीचशी टिश्यू कल्चरची, म्हणजे एकाच झाडाच्या नकला. हिवाळ्यात घरी आणली की होळीपर्यंत डौलात राहतात. मे महिन्यात पानांच्या कडा करपतात, आणि पाऊस येईपर्यंत कुंडी रिकामी झालेली असते. आमच्या इमारतीत दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या घरी हे होतंच.

पण दोन झाडं अशी आहेत की ज्यांनी इथले बरेच उन्हाळे पचवले आहेत. एक माझं लाल, दुसरं खालच्या मजल्यावरच्या वहिनींचं फिकट गुलाबी. या दोघांचा संकर करून बी धरायचं. आईबाप दोघंही इथल्या हवेत तगलेले असतील तर पोरांपैकी काही तरी तगतील, असा सरळ हिशोब आहे. फुटवे वेगळे करून लावले तर तेच झाड पुन्हा मिळतं. बियांतून आलेलं प्रत्येक रोप वेगळं असतं आणि त्यातून निवड करता येते. मला ती निवड हवी आहे.

सेमिनरी हिल्सच्या रस्त्यावरच्या नर्सरीतल्या काकांना सांगितलं तर म्हणाले, “बी कशाले धरता ताई? फुटवे काढा न लावा, वर्षात फूल देते.” ज्याला फूल हवंय त्याच्यासाठी त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे.

२१ नोव्हेंबर २०२३

फुलाची रचना लिहून ठेवते, कारण सगळं काम तिच्यावर आहे.

लाल, चकचकीत, पानासारखं जे दिसतं ते फूल नव्हेच. ते रूप बदललेलं पान, वनस्पतिशास्त्रातला शब्द महाछद. खरी फुलं मधल्या दांड्यावर असतात. त्या दांड्याला स्थूलकणिश म्हणतात. मी इथे नुसतं कणीस लिहीन. आज भिंग घेऊन खिडकीशी बसले. मक्याच्या कणसावर दाणे बसावेत तशी त्यावर बारीक फुलं तिरप्या ओळींत गच्च बसलेली आहेत, एका कणसावर शेकड्यांनी. प्रत्येक फूल म्हणजे एक छोटी तिरकी चौकट: चार खवले, आणि मधोमध एक टिंब. ते टिंब म्हणजे किंजल्क, मादीचं तोंड.

प्रत्येक फुलात नर आणि मादी दोन्ही असतात, पण ती एका वेळी जागी होत नाहीत. आधी मादी. किंजल्कावर चिकट पाण्याचा थेंब येतो आणि काही दिवस टिकतो, तेवढाच काळ पराग स्वीकारला जातो. मग थेंब वाळतात, मध्ये काही दिवस काहीच घडत नाही, आणि त्यानंतर खवल्यांच्या कडेने चार पुंकेसर डोकं वर काढून पराग सांडतात. त्यामुळे एकच कणीस स्वतःचं बी सहसा धरत नाही. दोन फुलं लागतात, आणि एक दुसऱ्याच्या पुढे असावं लागतं. हा मेळ जुळण्यासाठी मी गणपतीपासून दोन्ही झाडांच्या कळ्यांवर लक्ष ठेवून होते. आता जुळला आहे: वहिनींच्या गुलाबीवर पांढुरकी भुकटी दिसते आहे, माझ्या लालवर आज पहिले थेंब.

नोव्हेंबरची आपली हवा कोरडी, थेंब दुपारपर्यंत सुकून जातात. म्हणून रात्री कणसावर प्लॅस्टिकची पिशवी सैल अडकवली होती. सकाळी सातला पिशवी काढली तेव्हा कणसाचा खालचा तिसरा भाग ओलसर चमकत होता. प्रत्येक चौकटीच्या मध्यावर एक थेंब, टाचणीच्या टोकाएवढा. बोट टेकवलं तर चिकटतो. वरचा भाग अजून कोरडा. फुलं बुडापासून टोकाकडे जागी होतात, तेव्हा हे काम एका दिवसात उरकणार नाही.

२२ नोव्हेंबर २०२३

पहिलं परागीभवन. शून्य नंबरचा रंगाचा ब्रश, काळा कागद, भिंग.

वहिनींकडे सकाळी गेले. काळा कागद कणसाखाली धरला आणि ब्रश वरून हलकेच फिरवला. कागदावर पांढरी भुकटी पडली, मैद्याहून मऊ. काळ्या कागदावर ती दिसते म्हणून काळा. पांढऱ्यावर काही कळत नाही. वहिनी बघत होत्या, “काय करून राहिल्या ताई सकाळी सकाळी?” सांगितल्यावर त्यांनी स्वतः ब्रश हातात घेतला आणि माझ्याहून सफाईने पराग झाडून दिला. गुलाबी झाड त्यांचं, तेव्हा या रोपांवर त्यांचाही हक्क आहे. अर्धी रोपं त्यांची, हे आजच ठरलं.

वर येऊन तोच ब्रश लाल कणसाच्या ओल्या भागावर बुडापासून वर गोल गोल फिरवला. घासायचं नाही, नुसतं टेकवत जायचं. थेंबांवर भुकटी लागली की त्यांची चमक जाते. तेवढ्यावरून कुठे पोचलो ते कळतं. रात्री पुन्हा पिशवी.

याच झाडावर दुसरं एक फूल उमलतं आहे. त्याला हात लावायचा नाही. घरात मधमाशी येत नाही, तेव्हा त्यात फळ धरलं तर माझ्या ब्रशचं श्रेय काढून घ्यावं लागेल. दांड्याला पांढरा दोरा बांधला. संकर केलेल्याला लाल दोरा, चिठ्ठीवर तारीख आणि “लाल × गुलाबी”. आईचं नाव आधी लिहायची पद्धत आहे.

१ डिसेंबर २०२३

रोज सकाळी ब्रश फिरवणं चालू होतं, ओल कणसाच्या टोकापर्यंत पोचेस्तोवर. आता थेंब नाहीत. परागही ताजाच वापरला. साठवायच्या फंदात पडले नाही. काम रोजचं पाच मिनिटांचं, पण सकाळीच करावं लागतं.

२४ डिसेंबर २०२३

फरक दिसू लागला. पांढऱ्या दोऱ्याचं फूल विटलं आहे, कणीस बारीक आणि तपकिरी. लाल दोऱ्याचं कणीस जाड होतंय, रंग पिवळ्याकडून हिरव्याकडे. महाछदाचा लाल रंगही मागे हटून देठाजवळ हिरवट झाला आहे. पाहुणे विचारतात फूल खराब झालं का. फळ धरल्याची हीच खूण.

वहिनींना हाक मारून दाखवलं.

७ जानेवारी २०२४

पहाटे कडाक्याची थंडी. खिडकीजवळ थर्मामीटर १४ अंश, खोलीच्या आतल्या भिंतीशी १८. झाड आत सरकवलं.

हे झाड मुळात कोलंबिया आणि इक्वेडोरच्या पश्चिमेकडच्या अँडीज उतारांवरच्या पावसाळी जंगलांतलं. एदुआर आंद्रे या फ्रेंच माणसाने १८७६ साली कोलंबियात ते टिपलं, आणि जातीच्या नावात, आंद्रेआनम, त्याचंच नाव आहे. तिथे बारा महिने ऊब, ओल आणि मोठ्या झाडांची सावली. पंधराच्या खाली त्याला सोसत नाही, पस्तिसाच्या वर ते कोमेजायला लागतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहिली हद्द ओलांडली जाते आणि एप्रिल-मे मध्ये दुसरी. म्हणून नागपुरात अँथुरियम हे वर्षभर घरातच ठेवायचं झाड आहे. गॅलरीत नाही, सावलीतल्या गॅलरीतही नाही.

थंडीत पाणी निम्म्यावर आणलं. वरचा थर बोटाच्या पेरभर सुकला की मगच.

११ फेब्रुवारी २०२४

फळं पोसायला बराच काळ लागतो, सहा-सात महिने. तेवढ्या अवधीत झाडाने शक्ती कुठे घालायची हे आपण ठरवायचं. नवीन आलेल्या दोन्ही कळ्या खुडल्या. कळी खुडताना जीव तुटतो, पण बी भरायचं तर दुसरं फूल नको.

खत: पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात), लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. जास्त घातलं तर या झाडाची मुळं जळतात.

पाणी: नळाचं, पेंच धरणाचं, रात्रभर उघडं ठेवून. बोअरचं नाही. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की कुंडीच्या काठावर पांढरे थर बसतात. महिन्यातून एकदा कुंडी न्हाणीघरात नेऊन भरपूर साधं पाणी वरून सोडते, साचलेले क्षार वाहून जातात.

२७ मार्च २०२४

होळी झाली, कूलर लागले. यंदा कूलरला नव्या ताट्या भरल्या.

कणसावर आता फुगवटे मोजता येतील इतके स्पष्ट. सगळीकडे नाहीत, मधल्या पट्ट्यात दाट, टोकाला विरळ. टोकाची फुलं शेवटी जागी झाली तेव्हा गुलाबीचा पराग संपत आला होता, त्याचाच हा परिणाम.

१८ एप्रिल २०२४

उन्हाळ्याची मांडणी पक्की केली. हीच या प्रकल्पातली खरी कसोटी आहे, म्हणून तपशिलाने लिहिते.

झाड कूलरच्या खोलीत, पण झोताच्या रेषेत नाही. झोतात पानं सारखी हलतात, देठ दुखावतात, आणि कूलर बंद झाला की त्यांना एकदम कोरडी हवा लागते. कोपऱ्यात, झोतापासून हातभर बाजूला ठेवलं की ओलावा मिळतो आणि वारा लागत नाही. आज दुपारी बाहेरच्या भिंतीवर आर्द्रता २१ टक्के, झाडापाशी ५८. एवढा फरक दुसरी कोणतीही युक्ती देत नाही. पानांवर फवारा मारला तर कोरड्या हवेत घटकाभरात सुकतो, आणि डाग मागे राहतात.

ज्या घरात फक्त एसी आहे तिथे उलट होतं: हवा गार, पण कोरडी. अशा खोलीत अँथुरियम ठेवायचं तर खाली खड्यांची पाणीभरली परात हवीच.

कूलरच्या टाकीतलं पाणी झाडांना घालू नये. खूप जण घालतात. पाणी उडून जातं, क्षार टाकीत राहतात आणि आठवडाभरात ते पाणी मूळ पाण्याहून किती तरी खारट होतं.

प्रकाश: पूर्वेची खिडकी, मध्ये पांढरा पडदा. ऊन पानावर पडलं की तिथे पांढरा चट्टा उठतो आणि तो कायमचा.

२६ मे २०२४

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, काल लागला. दुपारी लाइट गेली आणि संध्याकाळपर्यंत आली नाही. खोली ३९ वर गेली. ओली चादर दोन खुर्च्यांवर टाकून झाडाभोवती आडोसा केला, परातीत पाणी भरलं, खिडक्या बंद. संध्याकाळी दोन जुन्या पानांच्या कडा तपकिरी. कणीस टणक आहे, फळांना धक्का नाही.

२ जून २०२४

नवतप्याचे दिवस भरले. या आठवड्यात शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, मग यंत्रात दोष होता असं हवामान खात्याने सांगितलं. शहर त्या आकड्यावर बोलत होतं. माझं लक्ष कोपऱ्यातल्या थर्मामीटरवर होतं, आणि तो ३५ च्या आसपास राहिला.

२३ जून २०२४

फळं आली!

सकाळी पाहते तर कणसाच्या खालच्या भागातून नारिंगी, तुकतुकीत फळं बाहेर ढकलली गेली आहेत. पिकलं की फळ कणसाच्या खोबणीतून आपोआप सुटतं आणि दोन बारीक पांढऱ्या धाग्यांवर लोंबकळत राहतं. बोट लावलं की हातात येतं. ओढावं लागलं तर ते अजून कच्चं समजायचं. आज मूठभरही नाहीत, पण रोज थोडी थोडी सुटतील. वहिनी आणि त्यांची मुलगी दोघी भिंग घेऊन बसल्या होत्या.

मुलीला एक गोष्ट आधीच बजावली: तोंडात घालायचं नाही. धोपा (अळू) आणि सुरण याच कुळातले, आणि धोप्याच्या वड्यांना चिंच ज्यासाठी लावतो ते खाजरे सुईसारखे स्फटिक यातही आहेत. कॅल्शियम ऑक्झलेटचे. रस डोळ्यात गेला तर फार आग होते. मांजर किंवा रांगतं मूल असलेल्या घरी कुंडी उंचावर हवी.

३० जून २०२४

पेरणी. अँथुरियमचं बी वाळवून डबीत ठेवता येत नाही. वाळलं की मेलं. म्हणून आलेलं फळ दोन-तीन दिवसांत मोकळं करून लगेच पेरायचं.

हातमोजे घालून फळ चिमटीत दाबलं की चिकट गरात गुंडाळलेलं बी बाहेर येतं, एका फळात एक किंवा दोन. हिरवट पिवळं, तिळाहून मोठं. गर राहिला तर बुरशी येते, म्हणून चहाच्या गाळणीत घेऊन पाण्याखाली बोटाने चोळत धुतलं. गर शेंबडासारखा सुटतो, दोन-तीनदा धुवावं लागतं.

पेरायला झाकणाचा पारदर्शक डबा. तळाशी भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वर स्फॅग्नम मॉस या शेवाळाचा पातळ थर. बी वर नुसतं ठेवायचं, पुरायचं नाही. झाकण लावून पूर्वेच्या खिडकीजवळ, उन्हाबाहेर. पावसाची हवा आहे, खोली २८-२९ अंश. नोव्हेंबरात परागीभवन करण्याचा हा मोठा फायदा: बी हातात येतं ते थेट पावसाळ्यात, जेव्हा विदर्भातली हवाही या झाडाला मानवते. ज्यांना करून पाहायचं असेल त्यांनी दिवाळीनंतरच ब्रश हातात घ्यावा.

१२ जुलै २०२४

मोड आले. पांढरं मूळ मॉसमध्ये वाकलं आहे आणि त्यावर हिरवा ठिपका. जवळजवळ सगळी बियं उगवली. झाकण दिवसातून एकदा थोडा वेळ उघडते.

३ सप्टेंबर २०२४

काल पोळा, आज तान्हा पोळा आणि मारबत. महाल भागात पिवळी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणारा मिरवणुकीतला पुतळा, पाहून आलो. रोगराई, कीड, दुखणी सगळ्यांना “घेऊन जा गे मारबत” म्हणताना माझ्या मनात डब्यातली बारीक काळी चिलटं होती. त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. पिवळा चिकट कागद डब्याशेजारी टांगला, झाकण अर्धं उघडं ठेवून वरचा थर सुकू दिला. चिलटं निम्म्याने कमी.

रोपांना प्रत्येकी दोन-तीन पानं आहेत, करंगळीच्या नखाएवढी, पण आकार आत्ताच बदामी.

१ डिसेंबर २०२४

थंडी वाढण्याआधीच रोपं वेगळी केली. मिश्रण: नारळाच्या सालीचे तुकडे, लोणारी कोळशाचा चुरा, पर्लाइट आणि मूठभर गांडूळखत. आपली काळी माती अजिबात नाही. जंगलात हे झाड निम्मं-अर्धं दुसऱ्या झाडांच्या खोडांवर वाढतं, मुळांना हवा लागते. काळ्या मातीत ती आठवडाभर ओली राहून कुजतात.

कात्री प्रत्येक रोपानंतर स्पिरिटने पुसली. १९८० च्या दशकात जिवाणूजन्य करप्याने हवाईतल्या अँथुरियमच्या बागा उद्ध्वस्त केल्या होत्या. तो पाण्याच्या शिंतोड्यांतून आणि पात्यावरून पसरतो. घरातल्या चार कुंड्यांनाही तोच नियम लावलेला बरा.

हवाईचं नाव निघालं म्हणून: १८८९ साली लंडनहून हे झाड तिथे गेलं आणि सुरुवातीला लोकांनी घराच्या अंगणात बियांतूनच वाढवलं. पुढे हवाई विद्यापीठात हारुयुकी कामेमोतो यांनी संकरांचं काम पद्धतशीर उभं केलं. बी धरून निवड करणं हा या झाडाचा जुनाच रस्ता आहे.

बियांतून आलेलं प्रत्येक रोप वेगळं असतं, हे आज डोळ्यांनी दिसलं. काही रोपांचे देठ लालसर, काहींचे निखळ हिरवे. पानांची जाडीही वेगवेगळी. एका झाडाच्या नकलांत असं दिसलं नसतं.

८ जून २०२५

रोपांचा पहिला उन्हाळा. अर्धी रोपं कूलरच्या कोपऱ्यात, अर्धी मधल्या बोळात ठेवली होती. तिथे कूलरची हवा फक्त उडत पोचते. वहिनींच्या घरीही अशीच वाटणी.

कोपऱ्यातली बहुतेक तगली. बोळातली निम्म्याहून जास्त गेली, आणि जी राहिली त्यांच्यात एक गोष्ट समान दिसते: पानं लहान, जाड, देठ आखूड आणि लालसर. मऊ, रुंद पानांची आधी वाळली. वहिनींच्या बोळातही हाच प्रकार. एका उन्हाळ्यावरून निकाल देणार नाही, पण पुढची निवड कुठे बघून करायची ते कळलं. बोळात राहिलेल्या प्रत्येक कुंडीला “बोळ २५” अशी पट्टी लावली.

गेलेल्या रोपांचं वाईट वाटलंच. वहिनी म्हणाल्या, “जे राहिले ते आपले.”

१७ ऑगस्ट २०२५

“बोळ” पट्टीची रोपं पाच इंची कुंड्यांत हलवली. मिश्रण तेच, कोळसा थोडा जास्त. मुळं पांढरी, जाड. पावसाने प्रत्येकाला नवं पान दिलं आहे. बियांपासून फूल यायला दोन-तीन वर्षं लागतात, तेव्हा २०२६ च्या पावसाळ्यापूर्वी कळीची अपेक्षा नाही.

कूलरच्या कोपऱ्यातली रोपं ओळखीच्या घरी द्यायला सुरुवात केली. सोबत एक कागद: झोताबाहेर, उन्हाबाहेर, बोअरचं पाणी नाही, टाकीचं नाही, लहान मुलांच्या हाताबाहेर. आणि पुढच्या जूनमध्ये झाड कसं आहे ते मला कळवायचं, मेलं असलं तरी.

वहिनींच्या गुलाबीवर दोन कळ्या आहेत. दिवाळीनंतर यंदा उलटा संकर करणार: गुलाबी आई, लाल बाप. ब्रश धुऊन वाळत घातला आहे, आणि चिठ्ठी लिहून ठेवली आहे, “गुलाबी × लाल”, तारखेची जागा मोकळी.